रामसेंचे भुताचे पिक्चर आणि त्या काळचा स्वस्त सिनेमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्यातल्या एकाच्या घरी आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि जुने हिंदी भयपट बघतो. नव्याने येणारे, त्यांचे आईवडील, आमचे शेजारी, सगळे साधारण तेच तेच विचारतात. दर वेळी अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

नेमके कोणते पिक्चर म्हणता तुम्ही?

साधारण १९७२ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे, कमी पैशांत आणि बड्या नटांशिवाय केलेले हिंदी भयपट. मध्यभागी रामसे बंधू. त्यांच्या आजूबाजूला मोहन भाकरी ('चीख', 'खूनी महल', 'कब्रस्तान') आणि विनोद तलवार ('रात के अंधेरे में', 'वोही भयानक रात'). अधूनमधून आम्ही त्याच जातकुळीतलं दुसरंही लावतो: दारासिंगचे कुस्तीपट, डाकूंचे सूडपट, नागिणीचे पिक्चर, १९८५ चा टारझन.

'महल' किंवा 'बीस साल बाद' यात धरत नाही. ते सिनेमे थोर आहेत, पण तिथे शेवटच्या रिळात कुणीतरी खुलासा करतं की भूत वगैरे काही नव्हतंच, माणसानेच रचलेला डाव होता. रामसेंच्या पिक्चरमध्ये भूत खरं असतं. शवपेटीचं झाकण उघडतं, आतून हात बाहेर येतो आणि तो हात खरोखर मेलेल्याचा असतो. हिंदी प्रेक्षकाला आधीच्या बहुतेक रहस्यपटांनी हे दिलंच नव्हतं.

रामसे म्हणजे कोण? नाव तर इंग्रज वाटतं.

आडनाव रामसिंघानी, सिंधी कुटुंब. वडील फतेहचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना 'रामसिंघानी' म्हणता येईना, म्हणून ते 'रामसे' झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं, लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटलं आणि हळूहळू सिनेमात पैसा घालू लागलं.

इथे मराठी वाचकाच्या कानावर घालावी अशी एक गोष्ट आहे. 'रणांगण'कार विश्राम बेडेकरांनी फतेहचंद रामसेंसाठी दोन हिंदी चित्रपट दिग्दर्शित केले: १९६३ चा 'रुस्तम सोहराब' आणि १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी'. दुसरा पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला जातात असा एक प्रसंग होता. रामसेंच्या मुलांनी थेटरात बसून पाहिलं की लोक त्या प्रसंगाला दचकतात, आणि काही जण तेवढ्यासाठी परत येतात. तेव्हा त्यांनी ठरवलं की अख्खा पिक्चरच तसा करायचा. बुडालेल्या चित्रपटाच्या एका तुकड्यातून पुढची वीस वर्षं उभी राहिली.

भाऊ सात: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन. कुमार लिहायचे, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनी बघायचे, अर्जुन संकलन, केशू निर्मितीचं बघायचे आणि तुलसी-श्याम दिग्दर्शन. वडिलांनी आधी मुलांना काश्मीरला नेऊन हाउसबोटीत बसवलं आणि छायाचित्रणाचं इंग्रजी पुस्तक समोर ठेवून धडे गिरवायला लावले. सिनेमाची शाळा ती एवढीच. बाहेरगावी चित्रीकरण असलं की घरच्या बायका युनिटसोबत जायच्या आणि सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या.

एवढ्या कमी पैशांत पिक्चर व्हायचा कसा?

माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पहिला खरा भयपट 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२). सगळं युनिट बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं, सरकारी विश्रामगृहात उतरले, आणि साधारण चाळीस दिवसांत साडेतीन लाखांच्या आसपास खर्चून पिक्चर हातावेगळा केला. स्टुडिओचं भाडं वाचलं, सेट वाचला. जिथे राहायचं तिथेच चित्रीकरण करायचं, ही रीत त्यांनी पुढेही चालू ठेवली. मुरुडच्या नवाबाचा राजवाडाही याच हिशोबाने त्यांच्या कामी आला. तो वाडा कर्ज काढूनही उभारता आला नसता.

रात्रीची दृश्यं बघा. रात्री चित्रीकरण म्हणजे जनरेटर, जास्तीचे दिवे, माणसांचा जादा भत्ता. म्हणून बरीचशी रात्र दिवसाच उरकायची. लेन्सपुढे निळी काच लावायची, लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र बारीक करायचं, की दुपारचं ऊन चांदण्यासारखं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: झाडाची सावली जमिनीवर कातरल्यासारखी कडक पडलेली असेल आणि पात्रं कंदील घेऊन फिरत असतील, तर ती दुपार आहे.

धुक्याचे दोन प्रकार. धुराचं धुकं वर चढतं आणि झाडांत अडकतं. कोरड्या बर्फाची वाफ जड असते, ती जमिनीलगत सरपटते. कबरीभोवती गुडघाभर धुकं दिसतं ते या दुसऱ्या जातीचं. पण दोन्हीला मागून उजेड लागतो. समोरून दिवा टाकला तर धुकं नुसता मळकट पडदा वाटतं. गंगू रामसेंचा दिवा जवळजवळ नेहमी मागे, खाली, कुठल्यातरी खांबाच्या आडोशाला असतो, म्हणून राक्षस आधी आकृती म्हणून येतो आणि तोंड नंतर दिसतं. त्या दिव्यावर लाल, हिरवा, निळा जिलेटिनचा पारदर्शक कागद. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्या कुणालाही विचारा, चार स्पॉट आणि रंगीत जिलेटिनमध्ये किती जागा बदलता येते ते तो सांगेल. रामसेंनी तेच केलं. 'वीराना'तल्या (१९८८) गुहेत हिरवा उजेड एका भिंतीवर आणि तांबडा दुसऱ्या भिंतीवर आहे. तिथे दिव्याला कसलंही कारण दिलेलं नाही, ना मशाल, ना चंद्र. तो रंग भीतीसाठीच टाकलेला आहे, आणि मला तो फार धाडसी वाटतो.

हे बघून हसायचं की घाबरायचं?

नीट बघायचं. आमच्याकडे एकच नियम आहे: पहिली वीस मिनिटं कुणी शेरेबाजी करायची नाही. पुढे ज्याला हसू येईल त्याने हसावं.

"इतका वाईट की मजा येते" असं म्हणून हे पिक्चर लावायची हल्ली पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. रबराचा मुखवटा गळ्यापाशी सुटलेला दिसतो हे खरं. विनोदी उपकथानक कंटाळवाणं असतं हेही खरं. पण त्याच पिक्चरमध्ये कुणीतरी रात्रभर जागून वाड्याच्या जिन्यावर असा दिवा लावलेला असतो की कठड्याची सावली बाईच्या चेहऱ्यावर तुरुंगाच्या गजांसारखी पडते. पैसे नसताना केलेलं ते काम आहे आणि ते चांगलं आहे. हसायचंच ठरवून बसलेल्या माणसाला ते दिसत नाही.

शिवाय हे पिक्चर ज्यांच्यासाठी काढले ते हसत नव्हते. तालुक्याच्या गावात, बाजाराच्या दिवशी, जत्रेतल्या तंबूत बसलेली माणसं पैसे मोजून घाबरायला आली होती आणि घाबरून घरी गेली.

सुरुवात कुठून करू?

'पुराना मंदिर' (१९८४). दुसरं उत्तरच नाही.

सामरी नावाचा नरभक्षक सैतान. राजा हरिमानसिंग त्याचं मुंडकं उडवतो. धड पुरतात जुन्या देवळामागे, मुंडकं पेटीत बंद करून हवेलीत ठेवतात. मरताना सामरी शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी त्याच घराण्यातल्या ठाकूरची मुलगी प्रेमात पडते आणि बाप घाबरतो. गोष्ट तशी आजीने सांगावी इतकी सरळ आहे. धड आणि मुंडकं वेगवेगळं ठेवलंय म्हटल्यावर ते एकत्र येणार हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि उरलेला सगळा पिक्चर ती वाट बघण्यात जातो. अजित सिंग यांचं 'वो बीते दिन याद हैं' हे गाणंही त्यातलंच.

सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनियर. त्यांच्या चेहऱ्याला आणि उंचीला मेकअपची गरज कमीच होती. पण त्यांची चाल बघा. खांदे न हलवता, पाय जरा उशिरा उचलत, ते घाई न करता येतात. हा माणूस राक्षसाचं काम गंभीरपणे करतोय. शेखर कपूर यांनी 'बँडिट क्वीन'मध्ये त्यांना घेतलं ते काही उगाच नाही.

त्यानंतर 'वीराना', मग 'बंद दरवाज़ा' (१९९०). त्यात अग्रवालच नेवला नावाचा वटवाघळाच्या रूपात फिरणारा रक्तपिपासू आहेत, म्हणजे आपला ड्रॅक्युला. 'दहशत' (१९८१) ज्यांना वेड्या शास्त्रज्ञांचं आकर्षण आहे त्यांच्यासाठी. ओम शिवपुरींचं काम त्यात बघण्यासारखं आहे.

बायकांना जसं दाखवलंय ते तुम्हाला चालतं?

नाही. हा प्रश्न मला बाई म्हणून जास्त विचारला जातो, तर स्पष्ट सांगते.

पिक्चर विकायला भूत जेवढं वापरलं तेवढंच ओलेत्या बाईचं दृश्य वापरलं. न्हाणीघराचा प्रसंग कथेला नको असतानाही घातलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे बलात्काराचे प्रसंग. ते काही पिक्चरमध्ये, विशेषतः रामसेंची नक्कल करणाऱ्यांच्या पिक्चरमध्ये आणि सूडपटांत, चवीने लांबवलेले आहेत. छोट्या गावांत तर सेन्सॉरने कापलेले किंवा मुळात त्या पिक्चरचे नसलेलेच तुकडे मधे जोडून दाखवायचे. त्यांना 'बिट' म्हणत. त्या मुलींना काय सांगून कॅमेऱ्यापुढे उभं केलं असेल याचा विचार करून मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. असे पिक्चर आम्ही लावत नाही, आणि लावलेल्यात असा प्रसंग आला तर पुढे ढकलतो.

पण एक दुसरी बाजू मला या पिक्चरमध्येच सापडते. त्या काळच्या बड्या हिंदी सिनेमात नायिका गाणी म्हणून बाजूला व्हायची. इथे 'वीराना'तली झपाटलेली मुलगी सगळ्या गावाला पळवते. तिला बघून बाकीची पात्रं काय करायचं ते ठरवतात. तेवढी ताकद तेव्हा बायकांच्या वाट्याला क्वचित यायची.

अंधश्रद्धा पसरत नाही का?

पसरायची शक्यता आहे, म्हणून लहान मुलांना दाखवायचे नाहीत. मोठ्यांनी बघताना एवढं ध्यानात घ्यावं की यातला तांत्रिक जवळजवळ नेहमी खलनायक असतो: नरबळी देणारा, पोरी पळवणारा. तसल्या भोंदूंना धरायला महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्रिशूळ दाखवल्यावर भूत पळतं हा भाग मात्र आहेच, आणि त्यावर आमच्यात दर वेळी वाद होतो.

या सगळ्याचा नाशिकशी काय संबंध?

बराच आहे, आणि आपल्याकडे तो कुणी सांगत नाही.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर ते मुंबईहून नाशिकला आले आणि 'लंकादहन' (१९१७), 'कालिया मर्दन' (१९१९) हे इथे झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकात आपण पोरांना घेऊन फिरतो, पण फाळके जादूचे प्रयोग करायचे हे किती जणांना ठाऊक असतं? स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. पेटलेली लंका, उडणारा मारुती, डोहातल्या नागाशी झुंज, हे सगळं हातचलाखीतून आणि कॅमेऱ्याच्या युक्तीतून आलं. एकच फिल्म दोनदा उजेडाला दाखवायची, मधेच कॅमेरा थांबवायचा, काळ्या पडद्यापुढे माणूस उभा करायचा. साठ-सत्तर वर्षांनी तोडलेलं मुंडकं डोळे उघडतं ते याच घराण्यातल्या युक्तीने. फाळक्यांना वंदन करायचं आणि रामसेंना नाक मुरडायचं, हे मला जमत नाही.

ललिता पवार येवल्याच्या. 'पुराना मंदिर'च्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं की आमच्याकडे कुणीतरी "येवला!" म्हणून ओरडतंच.

आणि मालेगाव. यंत्रमागावर राबणारी माणसं, शुक्रवारची सुट्टी, आणि सिनेमाचं वेड. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, मग 'मालेगाव का सुपरमॅन'. तो कसा घडला यावर फैज़ा अहमद ख़ान यांचा माहितीपट आहे आणि अलीकडे रीमा कागती यांनी या सगळ्यावर चित्रपट केला. सायकलवर कॅमेरा बसवून पळतं दृश्य घ्यायचं, बैलगाडीच्या दांडीला बांधून क्रेन करायची. भयपट नाहीत हे, पण पैशाची कमतरता डोक्याने भरून काढायची रीत तीच. रामसेंबद्दल प्रेम असलेल्या नाशिककराने माहितीपट बघितला नसेल तर आज रात्रीच बघावा.

मराठीत असे पिक्चर का झाले नाहीत?

झाले, पण थोडे आणि वेगळ्या अंगाचे. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) जुन्या रहस्यपटांच्या वळणाचा. 'झपाटलेला' (१९९३) विनोदाच्या वाटेने गेला, तरी तात्या विंचूने एका पिढीची झोप उडवली. माझा अंदाज असा की मराठी माणूस भीती वाचायचा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचनालयातून घरी येत होते, तेव्हा पडद्यावरच्या भुताची तेवढी निकड नव्हती.

यूट्यूबवर चित्र इतकं खराब का दिसतं? कोपऱ्यात मधेच ठिपका कसला येतो?

बहुतेक प्रती जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून चढवलेल्या आहेत. कडा कापलेल्या, रंग उडालेले, अंधार नुसता चिखल. गंगू रामसेंचा सगळा प्रकाश त्यात मरतो. परदेशात काही पिक्चर मूळ प्रतींवरून स्वच्छ करून ब्लू-रेवर आले आहेत. जमलं तर एक तरी तसा बघा, वेगळाच पिक्चर वाटतो.

ठिपका मात्र बिघाड नाही. थेटरात पिक्चर रिळांतून यायचा. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं. प्रोजेक्टर दोन असायचे. एकावरचं रीळ संपत आलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका यायचा, ऑपरेटर दुसरं मशीन चालू करायचा. काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की बदल करायचा. रविवार कारंज्याकडच्या एका जुन्या ऑपरेटर काकांनी मला हे हाताने करून दाखवलं: डाव्या हाताने एकाची झडप बंद, उजव्याने दुसऱ्याची उघड, आणि नजर काचेतून पडद्यावर. चुकलं की खालून शिट्ट्या. भुताच्या पिक्चरला म्हणे ठिपका चुकवून चालायचंच नाही, कारण नेमकं दार उघडताना रीळ बदलायचं.

मोठ्या शहरांत फिरून प्रत आपल्याकडे आणि मग तालुक्याला जायची, तोवर तिच्यावर ओरखड्यांचा पाऊस पडलेला असायचा. पिक्चर जिथे उडी मारतो तिथे फिल्म तुटून जोडलेली आहे असं समजा.

मग हे बंद का पडलं?

आधी व्हिडिओ, मग केबल. १९९३ साली रामसेंनी स्वतःच 'झी हॉरर शो' सुरू केला आणि भूत फुकटात घरी येऊ लागलं. त्याच सुमारास राम गोपाल वर्मा यांच्या 'रात'ने (१९९२) वाडा आणि मुखवटा न वापरता साध्या घरात भीती आणून दाखवली. आणि ज्या टॉकीजच्या जिवावर हे चालायचं त्या एकेक करून मिटल्या. नाशिकमध्ये विजयानंद, सर्कल, मधुकर, हेमलता, दामोदर ही नावं घेतली की पन्नाशीपुढच्या माणसाचा चेहरा बदलतो. मल्टिप्लेक्सच्या तिकिटात तेव्हा अख्ख्या घराने पिक्चर बघितला असता. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये.

गणपतीत आमच्या मंडळात पडद्यावर लावला तर?

लावू नका. बहुतेकांना 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांसमोर दाखवता येत नाहीत, आणि सार्वजनिक खेळाला हक्कदाराची परवानगी लागते. घरी, मोठ्या माणसांत बघा.

घराच्या माळ्यावर जुनी पोस्टरं आणि एक रिळाचा डबा सापडलाय. काय करू?

टाकू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. पोस्टर लॅमिनेट करायचं नाही, फाटलं असेल तर चिकटपट्टी लावायची नाही; तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. घड्या हलक्या हाताने उघडून, सपाट ठेवून, मधे बटर पेपर घाला. आपल्या पावसाळ्यात माळा ओलसर होतो, तेव्हा लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवा. डबा उघडताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म सडायला लागली आहे. तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, कारण त्या वाफेने शेजारची रिळंही खराब होतात. घरच्या कुठल्याही मशीनवर चालवून बघायचा मोह टाळा, सुकलेली फिल्म दात्यांवर तुटते. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. तिथे आधी डब्यावरच्या चिठ्ठीचा आणि फिल्मच्या सुरुवातीच्या फूटभर भागाचा फोटो पाठवून विचारा. चिठ्ठी मात्र सोलू नका. पिक्चरचं नाव, रिळाचा क्रमांक आणि कधीकधी ज्या थेटरात ते शेवटचं लागलं त्याचं नाव, हे सगळं तिच्यावरच असतं.